रकाना अकरा

फॉर्म खाडीकाठच्या विमानतळासाठी बनवलेला.
तिथं मी दोन पावसाळे काढले होते:
धावपट्टीच्या टोकाशी चिखल, खारफुटी,
आणि अमावास्येला गटारातून उलटं चढणारं पाणी,
सोबत एखाददुसरा खेकडा.
तोच फॉर्म हापिसानं इथं पाठवला,
नाव तेवढं बदलून.

रकाना अकरा : भरतीची कमाल पातळी.

होटगी रस्ता. एप्रिल. सकाळचे साडेनऊ
आणि डांबर आत्ताच मऊ.
दुर्बिणीतून बघते तर पट्टी हलते,
धरणारा हलत नाही, मधली हवा हलते.
"सरळ धर रे मल्लिनाथा."
"सरळच हाय की मॅडम, ऊन वाकडं हाय."

समुद्र इथून एका रात्रीच्या एसटीइतका लांब,
तरी वहीत प्रत्येक आकड्यामागं तोच उभा :
समुद्रसपाटीपासून चारशे ब्याऐंशी मीटर,
चारशे ब्याऐंशी दशांश तीन,
दशांश एक.
कुंपणाबाहेर बाभळीखाली बेंचमार्कचा दगड,
जन्मात लाट न पाहिलेला,
त्यावर कुणी हळदकुंकू वाहिलेलं.
मी पुसलं नाही. आकडा वाचता येत होता.

दुपारी नाला मोजला.
नकाशात निळी रेघ,
जमिनीवर सुताचे गुंते, गुटख्याच्या पुड्या,
वाळून पोपडे आलेला रंग,
एका पावलाला किरमिजी, पुढच्याला मोरपंखी.
पाईप तीन फुटांचा, उघडा दीड फूट.

मग वस्तीत विचारत गेले,
"पाणी कधी आलं होतं?"
"परवा," म्हणाले.
"आता मंगळवारी. पहाटे तीनला."
"प्रेशर नसतं हो, लिहा तेवढं."
मी पुराचं विचारत होते, ते नळाचं सांगत होते.
लिहिलं तेवढं.

शेवटच्या घरात अंबादास येमुल,
खड्डामागावर बसलेले,
कमरेवर माणूस, पाय जमिनीच्या पोटात.
त्यांनी प्रश्न पुरा होऊ दिला नाही.
"दुसऱ्यांना उंबऱ्यावर कळतं,
मला घोट्याला कळतं."
खड्ड्याच्या फळीवर बोटानं ओढलेल्या रेघा,
निळीच्या, शेजारी तेलुगूत साल.
सगळ्यात वरची गुडघ्याखाली चार बोटं.

"पाऊस थांबून दोन तास झाले होते.
गल्ली निजली. मी एक फेरा उरकत होतो.
दारातून नाही आलं ते, खालून आलं.
पावड्या तरंगायला लागल्या."
"मग?"
"ताणा कापला. खळ सुटली असती सगळी.
बायको तेव्हापासून म्हणते,
घर बुडलं असतं तर चाललं असतं."
आतून बाई म्हणाल्या, "अजून म्हणते."

त्या रेघेवरून पातळी काढली.
धावपट्टीच्या पूर्व टोकापेक्षा
सतरा सेंटिमीटर वर.
परत काढली. सतराच.
"तिसऱ्यांदा लावू?" मल्लिनाथ म्हणाला.
नको म्हटलं.
त्या साली इथं विमान उतरत नव्हतं,
काठावरचे दिवे बुडले असतील
तर टिटव्यांनी पाहिले असतील.

रात्री लॉजवर लॅपटॉप उघडला.
अकरा रिकामा ठेवला तर पान पुढं सरकत नाही.
'लागू नाही' लिहिलं, लाल झालं.
शून्य लिहिलं, हिरवं झालं.
हिरव्याकडं बराच वेळ बघत बसले.
मग खोडून फळीवरची ती रेघ टाकली, दशांशासकट,
आणि शेऱ्यात :
भरतीमापक स्थानिक, लाकडी.
निरीक्षक अं. येमुल, दोन्ही पायांनी.

हापिसातून फोन येईल.
येऊ दे.

डोळा लागतो न लागतो तोच
खालच्या गल्लीत घागरी वाजल्या,
एक, मग चार, मग सगळ्याच.
तीन वाजले होते. मंगळवार.